शाली निरंजन सरांना, पगार मैत्रीला

मी, दीपमाला धम्मरत्न ओव्हाळ, वय ७१ वर्षे, राहणार चिखली, जिल्हा पुणे, धंदा – शेवटी लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दडपणाखाली किंवा भिडेखातर नव्हे, तर स्वखुशीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी केलेलं नाही. कर म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

१. चिखलीचं दुमजली घर माझ्या पतीनं कंपनीत ओव्हरटाइम करून बांधलं आणि माझ्या नावे केलं. ते गेल्यापासून मी वर एकटी राहते. खालच्या गाळ्यात अर्जुनरावांचं लेथ मशीन चालतं. वरच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी मी लोकांना विज्ञान समजावून सांगत आले : ताप का येतो, बोअरचं पाणी खारट का, लस टोचली की अंगात काय होतं. हल्ली कोणी येत नाही. तरी मी सतरंजी झटकून अंथरते आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवते. ग्रहण लागलं की तेवढी माझी आठवण होते. सप्टेंबरात फोनवर फोन. "ताई, सून पोटुशी आहे, भाजी चिरली तर चालेल ना?" चालेल म्हटलं. आता बाळ-बाळंतीण खुशाल असतील. कोणी कळवलं नाही. घर खायला उठतं. हे कागदावर लिहायची मला लाज वाटत नाही.

२. सदर घराचा वरचा मजला आणि माझी दुर्बीण माझी भाची मैत्री, म्हणजे धाकटा भाऊ साहेबराव याची मुलगी, हिला द्यावी. याला अट नाही. मैत्री फिजिक्समध्ये एमएस्सी झाली आणि माझ्यापेक्षा सोपं सांगते. तिला हेच काम करायचं होतं. साहेबराव म्हणाला, "अक्का, लोकांना शहाणं करून कुणाची चूल पेटलीय? या कामाची पेपरात जाहिरात दाखव, मग बघू." जाहिरात कुठून दाखवणार? मैत्री निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. तिन्ही शिफ्ट. "आत्या, रविवारी नुसती झोपते गं," म्हणाली आणि यायची थांबली. तिच्यावर राग नाही. साहेबरावावर आहे, पण तो खोटं बोलला नव्हता.

३. खालच्या गाळ्याचं भाडं ॲड. विजयश्री यांनी आपल्याकडे जमा करावं आणि मैत्री हे काम पूर्ण वेळ करील तोवर दरमहा तिला पगार म्हणून द्यावं. मानधन हा शब्द पावतीवर नको. ती नको म्हणाली, तर हेच काम करून पोट भरू पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला द्यावं. पण मी मैत्रीची वाट बघते आहे, हे तिला सांगावं.

४. आमच्या विज्ञान मंडळानं मला आयुष्यभर शाल आणि नारळ दिला. नारळांची चटणी झाली. शाली कपाटात आहेत, त्या सगळ्या मंडळाचे अध्यक्ष निरंजन सर यांना द्याव्या. सर म्हणायचे, "दीपमालाताई, पगार आला की मालक आला. मग मालक सांगेल तेच विज्ञान." यातही तथ्य आहे. एका कारखान्यानं मला बोलावलं होतं, की गावकऱ्यांना सांगा, धुरानं काही होत नाही. मी उठून आले. सर म्हणाले, "बघा, फुकट होतात म्हणून उठता आलं." उठले, सर. पण कारखान्यानं लगेच दुसरा माणूस आणला आणि गावानं त्याचं ऐकलं, कारण तो तज्ज्ञ म्हणून आला आणि मी नुसती ताई. वकील फी घेतो, पण लबाडी केली तर त्याची सनद जाते. आम्हाला सनदच नाही, मग जाणार काय? तुम्हाला सेवा परवडली ती कॉलेजच्या पगारावर, मला धम्मरत्नांच्या. या भांडणानंतर तुम्ही फोन केला नाहीत, मीही नाही. भांडायला तरी या, असं पुष्कळदा वाटलं.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही असं विजयश्री सांगते, म्हणून शेजारच्या इंदुताईंना मोठा कुकर आधीच देऊन टाकला आहे. त्याची शिट्टी जपून काढावी.

६. धंदा लिहायचा राहिला. रेशनकार्ड, बँक, घराचा दस्त, सगळीकडे माझ्या नावापुढे 'घरकाम' आहे. विजयश्रीनंही याच्या कच्च्या मसुद्यात सवयीनं तेच टाइप केलं होतं. "मग काय लिहू, ताई? यादीत तर दुसरं काही बसत नाही." मी तिच्या हातून कागद घेतला, तो शब्द खोडला, वर 'विज्ञान समजावून सांगणे' असं पेनानं लिहिलं आणि बाजूला सही केली. माझ्या नावापुढे हे पहिल्यांदाच लागलं, आणि लागलं तेही मृत्युपत्रात. मैत्रीला ते पहिल्या पगारापासून लिहिता यावं.

सही : दीपमाला धम्मरत्न ओव्हाळ

वरील मजकूर ताईंनी आम्हाला वाचून दाखवून आमच्यासमक्ष सही केली. आम्ही सतरंजीवर बसून ऐकला.

साक्षीदार : १. इंदुताई, शेजारी २. अर्जुनराव, लेथवाले

चिखली, रविवार, १४ डिसेंबर २०२५