गाडीकडे सरकवलेला पडदा

अब्बा,

आज गारखेड्यात एका बंगल्यापुढे तोडलेल्या चिंचेचं बुडखं मशीनने दळायला गेले आणि तुमचा इतका राग आला, की मशीन बंद करून तिथेच फुटपाथवर बसले. माणूस जाऊन वर्षं लोटली की राग निवतो म्हणतात. माझा निवत नाही.

पडदे मी तुमच्याच रीतीने लावते. जुन्या लोखंडी खाटांच्या चौकटी बुडख्याभोवती उभ्या करायच्या आणि त्यांवर गोणपाटं भिजवून लोंबती सोडायची. ताणून बांधली तर मशीनच्या पात्याने उडालेला दगड ती फाडून जातो. सैल, ओल्या गोणपाटात त्याचा जोर मरतो. हे तुम्ही मला स्वयंपाकघरात दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर लिंबं फेकून दाखवलं होतं. अम्मी ओरडली, "लिंबू कायकू खराब कर रै?" तुम्ही नुसते हसत होता. इतकं सगळं कळत होतं तुम्हाला! मग त्या दिवशी अक्कल कुठे गहाण टाकली होती?

मी कॉलेजला जाताना तुमचा डबा द्यायला आले होते. तेही चिंचेचंच बुडखं. बाधा उतरावी म्हणून लोकांनी त्या झाडात खिळे ठोकलेले, त्यांवरून साल चढून गेलेली. कापलेल्या लाकडावरचा निळा-काळा डाग दाखवून तुम्हीच म्हणालात, "लोखंड है इसमें. दूर बैठ." तेवढ्यात घरमालक बाहेर आले. "चाचा, एक पडदा गाडीकडं घ्या ना. नवी गाडी हाय." जादा पडदा नव्हता. तुम्ही "जी साहब" म्हणालात आणि स्वतःच्या पुढ्यातला पडदा उचलून गाडीपुढे नेऊन उभा केलात. गाडीची चावी त्यांच्या बोटात फिरत होती, अब्बा. मी बघत होते.

खिळ्याचा तुकडा डाव्या डोळ्यात गेला. साहेब केळी घेऊन दवाखान्यात आले, तर पट्टी बांधलेल्या तोंडाने तुमचा पहिला प्रश्न, "काच तो सलामत है ना, साहब?" ते गेल्यावर अम्मीने केळी शेजारच्या बकरीला घातली, तर तिच्यावरच चिडलात. म्हणे लिहाज राखावा, समोरच्याचा मान ठेवावा. मग आमचा का नाही राखलात? एका डोळ्याने मशीन चालवणं जमेना, तेव्हा दारातल्या खुर्चीत बसलात आणि बसल्या बसल्या संपलात. लोक नशीब म्हणाले, तुम्हीही त्यांच्यात सूर मिसळलात. नशीब कसलं? तुम्ही हो म्हणालात, म्हणून झालं ते. साहेबांना मी कधीच सोडून दिलं, तो माणूस परका होता. तुम्ही आमचे होता.

आज बंगल्यातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "ताई, एक पडदा आमच्या गाडीपुढं लावा की."

"पडदा नाय हलणार," मी म्हटलं. "गाडी हलवा."

तिने तोंड वाकडं केलं, आतून चावी आणली आणि गाडी कोपऱ्यावर नेऊन लावली. झालं. एवढंच करायचं होतं, अब्बा. एवढ्यासाठी तुम्ही डोळा दिलात.

हे कुठे पाठवायचं नाहीच, लिहून झालं की फाडीन. पण एक गोष्ट अम्मीलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. "गाडी हलवा" म्हणताना माझे हात जोडलेले होते.