आजचा, उद्याचा, परवाचा

१४ एप्रिल
आंब्यांची पहिली अढी उघडली. पेंढा हलवला आणि घरभर वास. दर वर्षी वाटतं, या खेपेला एवढा नसेल. दर वर्षी असतोच. जीव दडपतो अगदी.
आम्हा नवराबायकोची पद्धत नेहमीचीच. मी पाटावर, डोळे मिटून, हात मांडीवर. सु. एकेक आंबा नाकाशी आणणार. मी सांगणार, खायला आजचा, उद्याचा की परवाचा. ती त्या त्या टोपलीत ठेवणार. हापूस रंगावर फसवतो, चाचपला तर डागतो. नाक तेवढं खरं. वडिलांचं होतं, माझं आहे.
शंभरावर फळं. एकही चुकलं नाही.

१७ एप्रि.
पुण्याहून लेकीचा फोन. बाबा, वास येतो ना आता नीट? चार वर्षं झाली त्या तापाला, ही अजून तिथंच. तापात नाक गेलं होतं, कबूल. डॉ. म्हणाले, आता परत यायचं कठीण. पुढच्याच हंगामात आलं. पाटावर बसलो, पहिलं फळ समोर आलं आणि आला वास. रडलो होतो. सु. पण. डॉक्टरांना काय कळतंय केळशीच्या आंब्यातलं.
परवा दूध करपलं ते कळलं नाही, पण सर्दी होती.

२२ एप्रि.
सु. दापोलीला, दोन दिवस. बहीण पडली म्हणून. चाळीस वर्षांच्या संसारात भर हंगामात पहिल्यांदाच गेली. बजावून गेली, अढीला हात लावू नका. मी कसला ऐकतोय.
शेजारच्या वनिताला आजचे आंबे हवे होते, पाहुणे आलेत. एकट्यानेच डोळे मिटून निवडले. दोन डझन काढले, सगळे आजचेच. असं सहसा होत नाही. नशीबवान बाई.

२३ एप्रि.
वनिता टोपली परत घेऊन आली. रागावली नव्हती, तेच वाईट. "भाऊ, करकरीत निघाले ओ. पोरांचे दात आंबले."
ती गेल्यावर अढीपाशी बसलो. एक पिवळा घेतला, एक हिरवागार. दोघांना एकच वास. मग पडवीतला कोरा पेंढा घेतला मूठभर, ज्यात आंबा कधी ठेवलाच नव्हता. डोळे मिटले. तोच वास. गोड, भरलेला, देठाशी जरा उग्र.
घाबरायला हवं होतं. उलट थक्क होऊन बसून राहिलो. एवढा वास माझ्याच आत? चार वर्षं?
आणि टोपल्या... टोपल्या सु. भरत होती. मी तोंडाने काहीही म्हणो.

२४ एप्रि.
सु. आली. परत आलेली टोपली बघून समजली. चहा टाकला. शेवटी मीच म्हटलं, मला वास येत नाही. तापापासून येत नाही.
"पाटावर बसता तेव्हा येतो ना?"
येतो, म्हटलं.
"मग झालं. मी तुमचं तोंड बघते हो तेव्हा. आंबे काय, पिकायचे तेव्हा पिकतात."
चाळीस वर्षं ओळखतो म्हणत होतो या बाईला.
"गॅसला मात्र मी घरात नसताना हात लावायचा नाही," म्हणाली. तेवढं दटावून.

२६ एप्रि.
ठरवलं होतं, आता बसायचं नाही. उगाच सोंग. सकाळी बघतो तर पाट मांडलेला. बसलो. डोळे मिटले.
काही नाही. पेंढ्याची खसखस, बस्. एकदा कळल्यावर कुठला येतोय, म्हटलं, संपलं.
मग आला. आधी देठाचा चीक, मग मागून सगळा. असा कधी आला नव्हता, ताप यायच्या आधीसुद्धा... "आजचा," म्हटलं.
डोळे उघडले तर आंबा पाटाशेजारी जमिनीवर ठेवलेला, कुठल्याच टोपलीत नाही. कापला की कळेल, नाक खरं की नाही. दुपार टळली. दोघंही त्याला वळसा घालून जा-ये करतोय. सुरी अजून कोणी आणलेली नाही.