पितरांचं पान

शके १६९४, भाद्रपद वद्य ४

आज पुन्हा तेच. यजमानाने पाय धुतले, पितरांच्या पानावर बसवलं, त्याच्या मेलेल्या वडिलांचं नाव घेऊन माझ्यापुढे हात जोडले. 'तृप्त झालात?' झालो म्हटलं. म्हणावंच लागतं. घरी येईपर्यंत पोटाचा दगड, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं बाहेर.

किती वर्षं हे चाललंय! दर पितृपक्षात जास्तच. सुंठ झाली, हिंग झाला, लंघनं झाली. शेजारचे दत्तोबा म्हणतात, 'भटजी, जरा खाणं आवरा.' श्राद्धाला जेवणं हाच माझा धंदा. आवरू काय?

भाद्रपद वद्य ९

अविधवा नवमी. आईला सवाष्ण म्हणून दोन घरची बोलावणी असायची, यंदा एकच आलं. लोकांचंही खरं आहे. हिंदुराव शिलेदारांच्या पथकाबरोबर वडील मुहूर्त सांगणारे जोशी म्हणून पानिपतावर गेले, ते परतलेच नाहीत. मेलेले कुणी पाहिले नाहीत, जिवंतही कुणी पाहिले नाहीत. म्हणून आईचं कुंकू राहिलंय. आज जरा ठसठशीतच लावून गेली. ओटी घेऊन परत आली.

भाद्रपद वद्य १२

अनंतशास्त्री वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग भलतंच विचारायला लागले. कुणाकडे जेवलात? कुठल्या पानावर? श्राद्धाला दोन जागी ब्राह्मण बसवतात, एक देवांच्या, एक पितरांच्या. मी आठवून आठवून सांगत गेलो आणि माझं मलाच नवल वाटलं—देवांच्या पानावर जेवलेलं पचतं! पितरांच्या पानावरचं पचत नाही. तीच खीर, तेच वडे.

'म्हणजे वड्यांचा दोष नाही,' शास्त्रीबोवा म्हणाले. 'सुंठ बंद करा. दुसऱ्याचा मुलगा तुम्हांला बाप समजून वाढतो, तेव्हा तुमच्या मनात काय येतं?'

'काही नाही.'

'तेच काही नाही पोटात अडकलंय. मन आणि पोट वेगवेगळ्या पेठांत राहत नाहीत, दिगंबरभट.'

औषध दिलंच नाही. असा वैद्य पुण्यातच मिळायचा.

आश्विन शुद्ध २

पक्ष संपला. पोट बरं आहे. शास्त्रीबोवांचा राग आला.

आश्विन शुद्ध ११

मनात काय येतं ते इथे लिहून टाकतो, तोंडाने बोलवणार नाही. माझ्या बापाला कोण वाढतंय—हे येतं. गावचे सगळे मेलेले बाप माझ्या तोंडाने जेवतात, आणि माझा कुठे उपाशी फिरतोय कोण जाणे.

पौषात बारा वर्षं पुरी होतील. शास्त्र सरळ आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो दहन करायचा, मग श्राद्ध. वडील जेवतील. आणि आईचं कुंकू जाईल, केस जातील, अंगावर लाल आलवण येईल. यजमानांना मीच सांगत आलोय, बारा वर्षं झाली, आता पुतळा करा. किती सहज सांगायचो! आईला कसं सांगू?

कार्तिक वद्य ९

थेऊरहून वाईट बातमी. श्रीमंत माधवराव गेले. बाजार बंद. आज कुणाच्याच घशाखाली घास उतरला नाही, म्हणून माझं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ५

आता साधा भातही पचत नाही. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. फार थकलो.

मार्गशीर्ष वद्य ३

आईनेच विषय काढला. तांदूळ निवडत बसली होती. 'शास्त्रीबोवा काय म्हणाले ते कळलंय मला. त्यांच्या बायकोच्या तोंडी तीळ भिजत नाही.'



'पुतळा करून टाक,' म्हणाली. 'ते गेले. मला तेव्हापासून ठाऊक आहे. तू वाईला पाठशाळेत होतास, तेव्हा हिंदुराव येऊन गेले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.'

'आणि तू इतकी वर्षं—'

'मला केस द्यायचे नव्हते. म्हणून लपवलं. रागाव हवं तर.'

रागावलो. नको ते बोललो. माझ्या बापाला बारा वर्षं उपाशी ठेवलंस, असं म्हणालो. ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. खडा एकही नव्हता त्यात.

पौष वद्य ११

सगळं पार पडलं. आज न्हावी येऊन गेला. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर आलवणातली कुणी म्हातारी चुलीपुढे बसलेली. क्षणभर ओळखलीच नाही. अजून तिच्याशी धड बोलत नाही मी.

लिहायला लाज वाटते, पण आज भूक लागली. कडकडून लागली.

माघ शुद्ध ७

आज हिंदुराव आले. उत्तरेतून थेट त्यांच्या गावी धायरीला, आणि तिथून इथे. मी म्हटलं, मागे एकदा येऊन गेलात ना, मी वाईला होतो तेव्हा?

'न्हाई बा. बारा वर्सांत पुन्यात पाऊल न्हाई माजं.' मग पागोटं काढून ओसरीवर टेकले आणि म्हणाले, 'त्या पळापळीत चुकामूक झाली ती झालीच. जोशीबाबा हायेत न्हवं घरात?'

आई आतल्या दारात येऊन उभी होती. हिंदुरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ते गेल्यावर तिने पान वाढलं. मी जेवलो.

'पचतंय ना रे आता?'

हो म्हटलं.