कुंडीच्या तळाची खडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा रोपवाटिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही.

१. राहते घर पत्नीला. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा ‘व’सुद्धा काढायचा नाही.

२. छाटणीची कात्री व कलमाचा चाकू मुलाला. माझी शिडी अकरा वर्षे मेहुण्याकडे आहे. तो “कसली शिडी?” म्हणेल. त्याच्या माळ्यावर बघावे.

३. रोपवाटिका धाकट्या बहिणीला. का, ते इथे लिहून ठेवतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमची लिंबाची तीनशे रोपे मुळे कुजून मेली. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मी प्रत्येक कुंडीच्या तळाशी चार बोटे खडी घातली होती. बहीण तेव्हाच म्हणाली होती, “दादा, खडी नको रे. बारीक माती पाणी धरून ठेवते, खडीत सोडत नाही. मुळं चिखलात राहतील.”

“आता तू मला शिकवणार?” मी म्हणालो. रोपे मेल्यावर मात्र सगळ्यांसमोर सांगितले, “हिनेच पाणी जास्त घातलं.” ती रोपवाटिका सोडून गेली आणि जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत राबली.

त्याच महिन्यात मी काचेच्या बरणीत खाली खडी, वर माती भरून पाणी ओतले. माती चिंब, खडी कोरडी ठणठणीत! मातीतल्या केसाएवढ्या फटी पाणी ओढून धरतात. खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ती ओढ नसते. माती पुरती भरेपर्यंत थेंब खाली उतरत नाही. पुढच्या खेपेला मी गुपचूप खडी वगळली. रोपे तरारली, शाबासकी मी घेतली. चूक कोणाचीही होते. कळूनही मी तोंड उघडले नाही, याची मला फार लाज वाटते.

४. दुरुस्ती. पत्नीने हे वाचले व ती म्हणाली, “मेल्यावर कबुली देताय? मोठे शूर! आधी तिला दाखवा.” काल बहिणीला बोलावून दाखवले. माझी मान वर होईना. ती म्हणाली, “रोपवाटिका नको मला. ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही ना? मग मला काही देऊ नकोस. साक्षीदार कर.” सबब रोपवाटिका मुलाला द्यावी. कलम ३ चा बाकी मजकूर कोणी खोडू नये. सर्वांसमोर मोठ्याने वाचावा.

स्थळ: रोपवाटिकेची पत्र्याची शेड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१८

सही: रोपवाटिकेचा मालक

साक्षीदार १: शेजारचा शिंपी

साक्षीदार २: धाकटी बहीण. वाचून सही केली. पाणी मी जास्त घातलं नव्हतं.