अस्वलांचं वळण

आई,

आणि तुला किती वेळा सांगितलं, घाटात टेबल मांडून चीज विकू नकोस म्हणून? ऐकशील तर शपथ.

ऑगस्टात इथले माझे चार जर्मन सोबती आणि मी मोटरसायकलींवरून आपल्या रोमानियात येतोय. रस्ता मीच आखला. त्यांच्यातल्या डीटरनं नकाशावर बोट ठेवलं, "दोरिन, इथंच तुझं गाव ना? आईच्या हातचं खाऊ की!"

मी म्हटलं, "त्या वळणावर अस्वलं बसतात. दुसऱ्या घाटानं जाऊ."

"अस्वलाला घाबरतोस, लेका?" सगळे हसले. मीही हसलो.

तिथं तू बसतेस, आई. तेव्हा तुझी लाज वाटली, आता माझी वाटते. तरी दुसऱ्या घाटाचाच रस्ता ठेवला.

हे पत्र टाकणार नाही. प्रवासाला नऊशे युरो ठेवलेत. रोमानियाला जाणाऱ्या बसवाल्याकडे तुझ्यासाठी नुसते पैसे देतो.

तुझा दोरिन

पन्नास युरो.