पावणं

मंगळवार, दिवेलागण. इस्लामपूर.

‘पावणं’ हा शब्द अजून कानात खुपतोय. परंपरेचं नाव घेणारा आमचा पक्ष, आणि पक्षाच्या तालुका कचेरीत दोन गटांच्या दोन खोल्या. एकीकडचा चहा दुसरीकडचा पीत नाही. मी जतकडचा, मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा. पाण्याचे पंप दुरुस्त करता करता इथं पंपांचाच कारखाना उभा केला. दोन्ही गटांना एकमेकांचा माणूस नको, म्हणून उमेदवारी मला. आज जुन्या गटाचे आबा खोल्यांमधल्या लाकडी फळीपलीकडं हळूच म्हणाले, “पावण्याला ताट वाढा, पण चूल दावू नका.” म्हणजे नाव माझं, कारभार त्यांचा. माझे कान तिखट आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मी हसतच उठलो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आबा दारात आले. “आवं पावणं, हितं का? चहा निवतोय.”

“आमच्याकडं जावयालाबी पावणंच म्हणत्यात, आबा. जावई रुसलाय.”

नव्या गटाचे दादाही धावत आले. “गड्या, उद्या अर्ज भरायचाय!”

“मग दोघंबी हितं बसा. एकाच किटलीतला चहा घ्या. न्हाईतर माझी सही न्हाई.”

जास्त ताणलं का मी? उमेदवारी गेली असती तर? गेली असती! पंप कुठं पळाले होते? पण बसले दोघं, माझ्या दोन बाजूंना. आबांनी बशीत चहा ओतून फुंकर मारली. “आता तरी आत येताय न्हवं, पावणं?”

“येतो की. चूल कुठं हाय, तेवढं दावा.”