क्लच नसलेली गाडी

चारोटी
१२ जून २०२४

चि. सरितास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मोबाइल तुषार तपासतो, म्हणून हे पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. तलासरीला आई बरी आहे. कोंबड्यांशी भांडते, म्हणजे बरीच आहे.

होळीला मी मुराळी म्हणून तुला न्यायला आलो, तेव्हा तुझ्या नवऱ्याने माझ्या डाव्या गुडघ्यावर पहार घातली. वाटी जोडलीय, पण पाय अर्धाच वाकतो. दारात आलेल्या मुराळ्यावर हात टाकलेला आपल्यात कुणी ऐकला नव्हता. मी तक्रार केली नाही. बहिणीला आणायला भाऊ जातो, पोलीस नाही.

गॅरेजात दोन लाल स्पोर्ट्स कार आल्यात. हायवेवर ठोकलेल्या, दोन-दोन दारांच्या, एकाच मॉडेलच्या. एकीचं तोंड गेलंय, दुसरीचं ढुंगण. दोघींची मिळून एक करणार. एकीला क्लच आणि गिअर आहेत, दुसरी ऑटोमॅटिक. मी गिअरचीच ठेवणार. बिनगिअरची गाडी म्हणजे छप्पर लावलेली स्कूटी. दिवाळीला त्याच गाडीने तुला न्यायला येतो. या वेळी नेल्याशिवाय परतणार नाही, मग कुणाचं काहीही होवो.

आठवण ठेव.
तुझा
दादा (मुकेश)


झाई
२१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. दोनदा वाचलं, मग चुलीत घातलं.

माझा पुढचा एक दात गेला. अंगणवाडीतली पोरं विचारतात तेव्हा उंदराने नेला म्हणून सांगते. ती खूश होतात. तुषार म्हणतो, तुझ्या भावाला सांग, दुसरा गुडघा शिल्लक आहे. दीर सुदाम शेजारी बसून हसतो.

दादा, येऊच नको असं लिहायला बसले होते. पण ते तुला जमणार नाही. मग निदान एवढं ऐक. क्लच डाव्या पायाने दाबतात ना? तू काय तोंडाने दाबणार? अंगणात गाडी बंद पडली तर हे दोघं तुला ओढून बाहेर काढतील आणि मारून टाकतील. नाहीतर तू त्यांना मारशील. मला माहेर हवंय, पण तू जिवंत आणि मोकळा हवास. ऑटोमॅटिक घे.

आईला माझ्या दाताचं सांगू नको.
माया आहे तशीच असू दे.
सरिता


चारोटी
३० ऑगस्ट

चि. सरितास,
आशीर्वाद.

दोघींची एक करणार होतो, पण सुटे भाग मिळाले आणि दोन्ही गाड्या रस्त्यावर येण्याइतक्या झाल्या. आधी गिअरची काढली. पुलाखालच्या चढावर थांबलो आणि क्लच दाबताना गुडघा अडकला. पाय वर येईना, खाली जाईना. गाडी बंद पडली. मागचा ट्रकवाला आईवरून बोलत खाली उतरला. मी पान्याने त्याचं नाक फोडलं. रक्त त्याच्या बनियनवर, माझ्या हातावर. लोकांनी सोडवलं. त्याची चूक काही नव्हती. मला दुसराच कुणी दिसत होता.

मग ऑटोमॅटिक चालवली. तिच्यात चालवण्यासारखं काही नाही. ब्रेकवर पाय ठेवायचा, बटण दाबायचं, दांडा ओढायचा. डी म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे. डावा पाय जावयासारखा नुसता बसून राहतो. गिअरच्या गाडीचं सगळं तुमच्या हातात असतं, ही आपलीच मर्जी चालवते. पण वेग भारी. पाय टेकला की सुटते. आपली म्हैससुद्धा चालवेल.

माझं मन अजून गिअरकडेच आहे. लंगडा समजून त्यांनी दार उघडावं, हे मला नको.

पत्र मिळाल्याचं कळव.
दादा


झाई
९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाजी करपली म्हणून परवा तुषारने तापलेला तवा माझ्या दंडाला लावला. सुदाम दाराशी उभा होता. हसला नाही या वेळी. बघत होता.

त्या ट्रकवाल्याला जाऊन भेट. माफी माग. त्याचं नाक म्हणजे तुषारचं नाक नव्हे.

आता माझी अट. क्लचची गाडी आणलीस तर मी उंबरा ओलांडणार नाही. दारातून परत जाशील आणि गावभर हसं होईल. गाडीत कोयता, पहार, पाना काही ठेवायचं नाही. आणि एक सांग, ब्रेक आणि पळवायचं, दोन्ही उजव्याच पायाने का? म्हशीला जमतं म्हणतोस, म्हणून विचारते.

वाट बघते.
सरिता


तुरुंगातून
६ नोव्हेंबर

चि. सरितास,
आशीर्वाद.

इथे पत्रं वाचूनच पुढे पाठवतात, तेव्हा ठाण्यातल्या साहेबांना सांगितलं तेच लिहितो. मी धनतेरसला आलो. ऑटोमॅटिक घेऊनच आलो. अंगणात हॉर्न दिला. दोघांनी मला गाडीबाहेर ओढलं. तुषारने त्याच गुडघ्यावर पहार मारली. सुदाम कोयता आणायला घरात गेला. गाडी बाहेर जाऊ नये म्हणून तुषार गाडीच्या मागचं, अंगणाचं गेट लावायला धावला. मी कसाबसा उठून गाडीत बसलो आणि आर टाकला. तो गेटात चेंगरून मेला.

तू तेव्हा घरात पिशवी भरत होतीस. तू काही पाहिलं नाहीस. डाव्या पायाचं कामच नसतं, म्हणून मोडक्या गुडघ्याने चालवली हे साहेबांना पटलं. सुदाम बाहेर आला तेव्हा मीच सीटवर होतो, असं तोही सांगतो.

आता तू माहेरी आहेस. मी त्याचसाठी आलो होतो. आईजवळ राहा. गप्प राहा.

दादा


तलासरी
१५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई जेवते. मलाही जेवायला लावते.

दादा, पिशवी मी पहाटेच भरली होती. ते तुला ओढत होते तेव्हा मी ओट्यावर होते. इंजिन चालूच होतं. मी बसले, ब्रेक दाबला, दांडा ओढला. आरशात तुषार गेटाला कडी घालत होता. एका हातात पहार. मला पाहून तो थांबला. बाजूला होईल म्हणून मी वाट पाहिली. तो हसला आणि गेटाला पाठ लावून उभा राहिला. माझं धाडस होणार नाही, असं त्याला वाटलं. मग मी ब्रेक सोडला आणि पूर्ण पाय दिला. हाडांचा आवाज गाडीत ऐकू आला. तरी पाय उचलला नाही. तू सरपटत येऊन मला बाहेर ढकललंस, तेव्हा उचलला गेला.

काल ठाण्यात जाऊन हे सांगितलं. साहेब म्हणाले, भावाला सोडवायला बहिणी असंच बोलतात, लायसन नाही, सायकल येत नाही, तू काय गाडी चालवणार. हवालदार म्हणाला, बाई, ही काय मिक्सर नाही. मी म्हटलं, किल्ली द्या.

दिली, गंमत म्हणून. मागून चेपलेली ती गाडी आवारात उभी होती. मी ती पुढे घेतली, पिंपळाला वळसा घातला, मागे घेतली. हवालदार भिंतीला चिकटला. कुणी हसत नव्हतं. साहेबांनी लांबूनच हात वर करून इंजिन बंद करायला सांगितलं. मी केलं, जरा वेळाने.

त्यांनी जबाब घेतला. आज मला घेऊन जातील. तुला कधी सोडतील ते वकील सांगेल. गुडघ्याचं ऑपरेशन करून घे.

रागावू नको. रागावलास तरी लिहीत जा.
तुझी
सरिता